वाऱ्याला वाट

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खोडदच्या तबकड्या बघून आलीस आणि विचारतेस, ‘अशी दुर्बीण बांधायची तर कुठला विषय घेऊ?’ विषयाचं नंतर बघू. आधी संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर जा, वाळत टाकलेलं एखादं जाळं वाऱ्यात धरून बघ. मग तेवढीच ताडपत्री धर. पण कोणीतरी सोबत ठेव, नाहीतर थेट दापोलीत उतरशील.

जीएमआरटीचं, म्हणजे खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीचं, निम्मं इंजिनिअरिंग या फरकात आहे. ४५ मीटर व्यासाची भरीव तबकडी वादळात टिकवायची तर सांगाडा, पाया, मोटारी सगळंच अवजड होतं. तशा ३० बांधायला पैसे आणायचे कुठून? ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्राच काढून टाकला. ताणलेल्या स्टीलच्या दोरांवर बारीक स्टेनलेस तारेची जाळी बसवली. तिथे टिपायच्या रेडिओ लहरी २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब. १०-२० मिलिमीटरच्या भोकांतून त्या फारशा निसटत नाहीत, वारा मात्र निघून जातो. त्यातही जाळी मध्यभागी दाट आणि कडेला विरळ, कारण तबकडीसमोर बसवलेला, लहरी गोळा करणारा अँटेना कडेकडून आलेल्या लहरींवर तसाही कमी विसंबतो. गळती जिथे परवडते तिथे भोक मोठं. मासेमारीच्या डोलीच्या जाळ्याचा आस, म्हणजे भोकसुद्धा, तोंडाशी मोठा, शेपटाकडे बारीक असतो. तिथलं कारण निराळं, पण हिशेबी डोकं तेच.

जागेचंही तसंच. उटीची रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब. ती ज्या डोंगरउतारावर आहे त्याचा उतार तिथल्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश. त्यामुळे तिचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर आला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून तास न् तास तोच तारा धरता येऊ लागला. दुसऱ्या दिशेची अर्धी यंत्रणा त्या डोंगरानेच वाचवली म्हण ना! आपल्या किनाऱ्यावर असे डोंगर ढीगभर आहेत, पण खारा वारा जाळीच्या मुळावर येईल.

खाऱ्या वाऱ्याचं मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका जेटीवर स्टेनलेसच्या पट्ट्या साध्या पोलादी बोल्टांनी आवळल्या. दोन पावसाळ्यांत बोल्टांचा तपकिरी भुगा झाला. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे चक्क बॅटरी! पुस्तकात वाचलं होतं, आराखडा काढताना आठवलं नाही.

पोर्तो रिकोतली आरेसिबो रेडिओ दुर्बीण १९६३ पासून चालू होती. ३०५ मीटरच्या तबकडीवर सुमारे ९०० टनांचा मंच केबलांवर लटकलेला. ऑगस्ट २०२० मध्ये एक केबल तिचं टोक धरणाऱ्या सॉकेटमधून निसटली, नोव्हेंबरमध्ये मुख्य केबल तुटली, १ डिसेंबरला मंच खाली आला. कागदावर त्या केबलींत ताकद शिल्लक होती. केबल सॉकेटमधून सरकत असल्याच्या खुणाही आधीपासून दिसत होत्या.

म्हणून आराखडा काढशील तेव्हा प्रत्येक सांध्यापुढे लिही: इथे माणूस कसा पोचणार, आणि किती वर्षांनी.

राहिला विषय. स्ट्रक्चरल घे, इलेक्ट्रॉनिक्स मागाहून शिकता येईल. मे महिन्यात इकडे ये. जेटीवर जाऊ, बोल्ट बदललेत ते बघू. बहुतेक पुन्हा साधेच घातलेत.

तुझा,
काका