माफ झालेली फी आणि तरीही भरावी लागणारी फी

पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फीचेच प्रश्न जास्त असतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. सारख्या तक्रारींची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलीला पुण्यातल्या खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत जागा मिळाली. आमचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख, ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला आहे. मुलींची फी माफ असे सगळे सांगतात, पण महाविद्यालयाने चाळीस हजारांची यादी हातात ठेवली. हे बेकायदा आहे का? (एक पालक, बार्शी)

यादीत काय लिहिले आहे त्यावर ते ठरेल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झाले. अटी अशा : कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून. माफ झाल्या त्या एवढ्या दोनच बाबी. विकास शुल्क, पात्रता शुल्क, विमा, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत, वसतिगृह, खानावळ हे सारे माफीच्या बाहेर आहे. ‘मुलींना शिक्षण मोफत’ ही घोषणा ऐकून रिकाम्या हाताने प्रवेशाला गेलेल्या पालकांची गडबड होते ती इथे.

समजा, मंजूर फी १,२०,००० आहे आणि त्यात शिक्षण शुल्क १,०५,००० व विकास शुल्क १५,००० आहे. तुमच्या मुलीला विकास शुल्काचे १५,००० आणि वरच्या किरकोळ रकमा भराव्या लागतील. त्याच वर्गातल्या खुल्या प्रवर्गातील मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईबीसी’तून, शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत मिळते. त्याचा आकडा ५२,५०० अधिक १५,००० असा ६७,५०० होतो.

आता यादी तपासायची कशी? खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर महाविद्यालय, अभ्यासक्रम आणि वर्ष निवडले की मंजूर फी दिसते, शिक्षण शुल्क वेगळे आणि विकास शुल्क वेगळे. त्याची छापील प्रत काढा आणि यादीशेजारी ठेवून वाचा. यादीत ‘इतर’, ‘संस्था विकास’, ‘प्रशिक्षण व रोजगार’ अशा नावांनी मोठ्या रकमा असतील तर त्या कशाखाली घेतल्या हे लेखी विचारा आणि बाबवार पावती मागा. पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. अनामतीची पावती चार वर्षे जपून ठेवा, ती रक्कम शिक्षण संपल्यावर परत मिळायची असते आणि बहुतेक जण मागायलाच विसरतात.

‘आत्ता शिक्षण शुल्क भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ,’ असे सांगितले तर ते मान्य करू नका. पात्र विद्यार्थ्यांकडून ही रक्कम प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे शासनाने महाविद्यालयांना परिपत्रके काढून बजावले आहे. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, प्रत विभागीय तंत्रशिक्षण सहसंचालकांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी वादापेक्षा हा शिक्का जास्त कामाचा.

एवढे झाले तरी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठीच्या शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो. तो न भरल्यास माफी मिळत नाही आणि महाविद्यालय वर्षअखेरीस पूर्ण फी मागते. लागणारी कागदपत्रे : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (ईडब्ल्यूएसचा दाखला त्याच्या जागी चालत नाही), अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, कॅपचे वाटपपत्र, फीची पावती. अर्ज परत येण्याची नेहमीची कारणे तीन. आधार आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही. शाखेचे नाव यादीतून चुकीचे निवडले जाते. प्रवेशाचा प्रकार ‘कॅप’ऐवजी ‘संस्था स्तर’ असा टिचकला जातो, आणि हे तिसरे कारण सर्वांत महागात पडते, कारण त्या एका चुकीने अर्ज अपात्र ठरतो. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

मुलगी वसतिगृहात राहणार असेल आणि तुम्ही अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असाल, तर त्याच पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज आहे. तो शिक्षण शुल्काच्या अर्जापासून वेगळा भरतात. बरेच जण एकच भरून थांबतात.

प्रश्न : मी अनुसूचित जातीचा विद्यार्थी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतो. थोडी रक्कम खात्यात आली, मोठी रक्कम आलीच नाही. महाविद्यालय म्हणते, फी भरा नाहीतर परीक्षेचा अर्ज थांबवू. (एक विद्यार्थी, नांदेड)

या शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा उचलते. २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. आधी राज्याचा वाटा, मग केंद्राचा, अशा दोन रकमा दोन वेळी पडतात. तुमच्या हाती आलेली रक्कम बहुधा राज्याची आहे.

दुसरी रक्कम का अडली हे पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्थिती’ उघडा. तिथे जे बँकेचे नाव दिसते, पैसे तिथेच जातात, अर्जात तुम्ही कोणतेही खाते लिहिलेले असो. दहावीत असताना काढलेले, आता पासबुकही सापडत नाही असे खाते तिथे दिसण्याची शक्यता मोठी असते. ते दिसले तर आधी त्या बँकेत जाऊन विवरण काढा, पैसे तिथे पडून असू शकतात. खाते जोडलेलेच नसेल तर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज द्या. अर्ज देताना ‘एनपीसीआय मॅपिंग’ हा शब्द वापरा. केवळ ‘केवायसी’साठी आधार दिले म्हणजे खाते लाभासाठी जोडले गेले असे होत नाही, आणि बँकेतले कर्मचारीही या दोन गोष्टी एकच समजतात.

मग खात्याचा प्रकार बघा. ते ‘छोटे खाते’ असेल, म्हणजे पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेले, तर त्यात वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या फीचा हप्ता असल्या खात्यावरून परत जातो. पॅन आणि आधार देऊन ते नियमित करून घ्या. दोन वर्षे व्यवहार नसलेले खातेही निष्क्रिय होते. शाखेत जाऊन ते सुरू करून घ्या आणि वर्षातून एखादा शंभर रुपयांचा व्यवहार ठेवा.

महाविद्यालयाचे म्हणाल तर पोर्टलवरचे मंजुरीचे पान छापून प्राचार्यांकडे द्या आणि रक्कम जमा होताच फी भरण्याची लेखी हमी द्या. तरीही परीक्षेचा अर्ज अडवला तर समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांना लेखी कळवा. दुसरी बाजूही सांगायला हवी : ही रक्कम फीची आहे, ती खात्यात आली की लगेच महाविद्यालयात भरायची असते. मोबाइल किंवा घरच्या अडचणीत ती खर्च झाली की पुढच्या वर्षी ना महाविद्यालय ऐकून घेते ना समाज कल्याण.

प्रश्न : मुलाला चार लाखांचे शैक्षणिक कर्ज हवे आहे. शाखेत सातबारा मागितला आणि जमीन तारण लागेल असे सांगितले. शिवाय शिकत असताना व्याज भरावे की नाही, यावर घरात एकमत नाही. (एक शेतकरी पालक, चिपळूण)

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. साडेसात लाखांपर्यंत पतहमी निधीची योजना आहे, त्यात तारण आणि त्रयस्थ जामीन दोन्ही लागत नाहीत, पालक सहकर्जदार असतात. सातबारा उत्पन्नाचा किंवा पत्त्याचा पुरावा म्हणून मागितला तर द्यायला हरकत नाही, त्यावर बोजा चढवायला नकार द्या. अर्ज तोंडी नाकारला तर कारण लेखी मागा. बँकेच्या तक्रार कक्षाकडून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत.

व्याजाचा हिशेब मांडूनच पाहू. दरवर्षी एक लाख असे चार हप्ते, दर १० टक्के, अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि त्यानंतर एक वर्ष हप्ते सुरू न करण्याची सवलत. या काळात व्याज सरळ पद्धतीने चढते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे परतफेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर ५,४०,००० असतील आणि दहा वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ७,१३६ बसेल. व्याज वेळच्या वेळी भरत गेलात तर मूळ चार लाखच राहतात आणि हप्ता सुमारे ५,२८६ येतो. भरायचे किती? पहिल्या वर्षी महिन्याला ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढची दोन वर्षे ३,३३३. दोन्ही वाटांची शेवटची बेरीज केली तर व्याज भरत जाणाऱ्याचे सुमारे ८२,००० वाचतात. शिवाय शिकतानाचे व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात एक टक्का सूट देतात, ती आपोआप मिळेल असे समजू नका, मंजुरीपत्रात लिहून घ्या. भात आणि आंब्याचे पैसे वर्षातून एकदाच हाती येत असतील तर व्याज वार्षिक भरले तरी चालते का, हे शाखेला आधीच विचारा.

घरातला वाद मात्र उत्पन्नाच्या आकड्यावरही सुटू शकतो. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक वा व्यावसायिक, मान्यताप्राप्त संस्थेतला असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जाचे शिकतानाचे आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ती निवडक संस्थांनाच लागू आहे, संस्थेचे नाव पोर्टलवर तपासा. अनुदानाचा दावा बँक करते, तुम्ही नाही. म्हणून उत्पन्नाचा दाखला पहिल्या हप्त्याच्या आधीच शाखेत द्या, पोच घ्या, आणि दावा नोंदवला का हे पहिल्या वर्षअखेरीस विचारा. दावा राहून गेला की व्याज खात्यावर चढते आणि नंतर ते उतरवून घेताना नाकी नऊ येतात.

प्रश्न : हिंगणघाटहून नागपूरला शिकायला आलो. समाज कल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, खोलीचे भाडे झेपत नाही. (अनुसूचित जातीचा विद्यार्थी)

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यासाठीच आहे. नागपूरसाठी वर्षाला ६०,००० : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. अभियांत्रिकी व वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना वर ५,०००, इतरांना २,०००. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मागच्या परीक्षेत ५० टक्के (दिव्यांगांना ४०) आणि तुम्ही त्या शहराचे स्थानिक रहिवासी नसावे. आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो, थेट स्वाधार मागता येत नाही. भाडेकराराची प्रत लागते, म्हणून घरमालकाला पहिल्याच दिवशी त्याबद्दल सांगा, बरेच जण नंतर टाळतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता या रकमेतून वजा होतो. पैसे हप्त्याने आणि बहुतेकदा उशिरा येतात, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे दुसरीकडून उभे करावे लागेल, हे धरूनच चाला.

प्रश्न : बी.ए.ला आहे. फी थोडी आहे पण कोल्हापुरात राहण्याचा खर्च मोठा. पूर्णवेळ नोकरी करून शिकता येईल? (एक विद्यार्थिनी)

उपस्थितीची अट सांभाळून पूर्णवेळ नोकरी जमणे अवघड. आधी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का ते विचारा. दिवसाला दोन-तीन तास ग्रंथालय, कार्यालय, बाग किंवा प्रयोगशाळेतले काम असते, तासावर पैसे मिळतात, आणि कामाच्या वेळा तासिकांभोवती बसवतात. यादी जुलै-ऑगस्टमध्येच भरते. बारावीला मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीही बघा. पदवीच्या तीन वर्षांसाठी वर्षाला १२,००० मिळतात, निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. मात्र एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या चालत नाहीत, दोन्ही भरल्या तर एक सोडावी लागते.

प्रश्न : व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ईबीसी मिळेल का? (बरीच पत्रे)

नाही. पीएम-विद्यालक्ष्मीही नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतल्या मुलींना ८ जुलैच्या निर्णयाचा लाभही नाही. कॅपच्या पर्यायांत मात्र शिक्षण शुल्क माफीच्या, टीएफडब्ल्यूएसच्या, पाच टक्के वाढीव जागा असतात. त्यांचे सांकेतांक ‘टी’ अक्षराने संपतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर पर्याय भरताना हे सांकेतांक आधी घाला. ही जागा मिळाली की पूर्ण अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क माफ होते, पण मध्येच शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही.