फोल्डरची नको, पॅकेजची टेस्ट घ्या

प्रश्न : चेकवरची रक्कम अक्षरी मराठीत लिहून देणारी छोटी पायथन लायब्ररी मी फावल्या वेळात केली आहे. अंकांचे शब्द एका जेसन फाईलमध्ये आहेत. माझ्याकडे सगळ्या टेस्ट पास होतात. पण कळव्याच्या मित्रानं विंडोजवर इन्स्टॉल केली, तर ‘फाईल सापडत नाही’ असा एरर येतो. टेस्ट आणि पॅकेज दोन्ही आपोआप व्हावं, यासाठी काय करू?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : मित्राचा दोष नाही, आणि विंडोजचाही नाही (निदान यावेळी). तुमची जेसन फाईल पॅकेजमध्ये गेलेलीच नसणार. व्हील (पायथनची इन्स्टॉल करायची तयार पॅकेज फाईल) म्हणजे शेवटी झिपच. उघडून खात्री करून घ्या. तुम्ही टेस्ट चालवता तेव्हा पायथन समोरच्या फोल्डरमधला कोड उचलतो आणि तिथे ती फाईल असतेच. पॅकेज बांधायला सेटअपटूल्स वापरत असाल तर पायप्रोजेक्ट टॉमल या सेटिंगच्या फाईलमध्ये पॅकेज-डेटाखाली ती नोंदवा आणि कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे टेस्टला समोरचा कोड चुकून सापडणार नाही.

आता ऑटोमेशन. कोड गिटहबवर असेल तर गिटहब ॲक्शन्स (ठरवलेली कामं आपोआप चालवणारी तिथलीच सोय) पुरे. सार्वजनिक रेपोला (कोडच्या साठ्याला) साधे रनर, म्हणजे ही कामं चालवणारी मशीन, फुकट असतात. बरेच जण आधी टेस्ट घेतात आणि पॅकेज शेवटी बांधतात. मला ते पटत नाही. आधी व्हील बांधा, ती कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करा आणि मग पायटेस्टने टेस्ट चालवा. म्हणजे मित्राला जे मिळणार, तेच तपासलं जाईल.

उबुंटू लिनक्सबरोबर विंडोजचा रनरही हवाच. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं नसेल, तर ३.१४ पर्यंतचा पायथन विंडोजवर सहसा तिथलं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा वेगळा तक्ता, धरतो. मग ‘एकोणपन्नास’चा एक तर कचरा होतो, नाहीतर प्रोग्रामच कोसळतो. जेसन सापडल्यावर मित्राची पुढची तक्रार हीच असेल, लिहून ठेवा.

यामलमध्ये (ॲक्शन्सच्या सूचना ज्यात लिहितात त्या फाईलमध्ये) पायथनची आवृत्ती अवतरणात लिहा. नुसतं ३.१० लिहिलंत तर यामल त्याला दशांश समजून ३.१ करतं, आणि रनर भलतीच आवृत्ती शोधत बसतो.

पायपीआयवर (पायथन पॅकेजच्या सार्वजनिक भांडारावर) पाठवणं प्रत्येक पुशला, म्हणजे दर वेळी कोड गिटहबवर चढवताना, नको; फक्त आवृत्तीचा टॅग लावल्यावर. २०२३ पासून तिथे ट्रस्टेड पब्लिशिंग (गिटहबवरचं तुमचं काम थेट ओळखण्याची सोय) आहे, त्यामुळे कायमचा टोकन (गुप्त किल्ली) रेपोत जपावा लागत नाही. एकदा चढवलेल्या नावाची फाईल डिलीट केली तरी पुन्हा चढवता येत नाही. म्हणून पहिली खेप टेस्टपायपीआय या सरावाच्या भांडारावर काढा.