पोटाच्या चरबीतून हार्मोन सुटतात आणि त्याने लिव्हर बिघडतं, हे खरं आहे का?

तुमच्या भावाने तालीम सोडली, खुराक मात्र तसाच राहिला. आता सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2 आलंय. दारूला तो शिवत नाही, वजनही बेताचं, फक्त पोट सुटलंय. मग डॉक्टर म्हणाले ते ‘चरबीतले हार्मोन’ काय प्रकार आहे, असं तुम्ही विचारलंय. मी इथेच, कोल्हापुरात, मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉक्टर बरोबर बोलले. चरबी म्हणजे नुसती साठवण, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशींतून सुटणारं हे हार्मोन मेंदूला ‘साठा पुरेसा आहे, खाणं आवरा’ असं कळवतं. पुढच्याच वर्षी ॲडिपोनेक्टिन सापडलं, आणि लिव्हरच्या दृष्टीने ते फार मोलाचं. त्याच्यामुळे लिव्हर चरबी जाळतं, इन्सुलिनला दाद देतं, सूज आटोक्यात राहते.

गंमत अशी, की ॲडिपोनेक्टिन चरबीच बनवते, पण पोटावरची चरबी वाढली की त्याचं प्रमाण घटतं. फुगलेल्या पेशींभोवती पांढऱ्या पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फासारखी सूज वाढवणारी रसायनं सुटू लागतात. एरवी चरबीला साठ्यात रोखून धरणाऱ्या इन्सुलिनचं तिथे चालेनासं होतं, म्हणून चरबीतून फॅटी ॲसिड गळत राहतात. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त पोर्टल व्हेन या रक्तवाहिनीतून थेट लिव्हरमध्ये जातं, त्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो.

लेप्टिनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. लठ्ठ माणसात ते भरपूर असतं, पण मेंदू दाद देत नाही. ते लिव्हरमधल्या स्टेलेट नावाच्या पेशींना चेतवतं आणि त्या व्रणाचे (फायब्रोसिसचे) धागे विणू लागतात, असं प्रयोगांत दिसलंय. लेप्टिनच नसलेल्या उंदरांच्या लिव्हरमध्ये व्रण जेमतेम होतात. पण तेवढ्यावरून लेप्टिनला खलनायक ठरवू नका. लिपोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आजारात अंगावर चरबी जवळपास नसतेच, तरी लिव्हर चरबीने भरतं, कारण तिला दुसरीकडे जागाच नसते. अशा रुग्णांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली की लिव्हरमधली चरबी उतरते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते: चरबी किती आहे याच्याइतकंच ती कुठे साठते, यालाही महत्त्व आहे.

आपल्या लोकांचं तर दुखणंच हे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तेव्हा ‘वजन बेताचं’ यावर विसंबू नका. भावाची कंबर टेपने बेंबीच्या पातळीवर मोजा. पँटचा नंबर सांगू नका; पँट पोटाखाली बांधली की नंबर 34 चा 34 च राहतो. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा 90 सेंमी धरतात.

वजन 7 ते 10 टक्के उतरलं, तर लिव्हरची सूज कमी होते, 10 टक्के किंवा जास्त उतरलं तर बऱ्याच जणांत व्रणही कमी होतात, ॲडिपोनेक्टिनही वाढतं. भाऊ 80 किलोचा असेल तर सहा ते आठ किलो, तेही सावकाश. गंगावेशीतलं धारोष्ण दूध, थंडाई, बदाम हे रोज जोर-बैठका मारणाऱ्या शरीराचं गणित होतं. जोर थांबले, तर खुराकही उतरवायलाच हवा. साखर आणि गूळ आधी कमी करा, त्यातल्या फ्रुक्टोजची लिव्हर थेट चरबी बनवतं. रंकाळ्याला रोज भरभर फेरी मारायची, आणि जमेल तेवढे जोर पुन्हा सुरू करायचे.

या हार्मोनच्या महागड्या तपासण्या कुणी सुचवल्या तर करू नका, उपचार त्यावरून ठरत नाहीत. सोनोग्राफीच्या ग्रेडवरून व्रण किती आहे ते कळत नाही, आणि एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असंही नाही. डॉक्टरांना फिब-4 हा व्रणाचा अंदाज देणारा आकडा काढायला सांगा: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावर तो निघतो. जास्त आला, तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या.