केसावर फुगे आणि पहिला नंबर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘बबल्या इकस केसावर फुगे’ हे अहिराणी गाणं आमच्याकडे हळदीत वाजल्याशिवाय राहत नाही. व्ह्यूज कोट्यवधी आहेत. मग ते कुठल्या मोठ्या चार्टवर पहिलं का दिसत नाही? – एक वाचक, पाचोरा

उत्तर : खान्देशाबाहेरच्यांसाठी आधी एवढं सांगायला हवं की ‘इकस’ म्हणजे विकतो, आणि यातला बबल्या हा फेरीवाला. बायकांनी कंगव्यात गुंतलेले केस साठवून ठेवायचे, तो दारात आला की त्याला द्यायचे आणि बदल्यात पोरांना फुगा मिळायचा. असल्या विषयावरचं गाणं एवढं चालावं हेच मुळात नवल.

आता आकड्यांचं. व्ह्यूज साचत जातात, चार्ट दर आठवड्याला पाटी कोरी करतो. एखादं गाणं रोज एक लाख वेळा पाहिलं गेलं, तर पाच वर्षांत ते सव्वाअठरा कोटींवर जातं. पण कुठलाही एक आठवडा घ्या, भरतात सातच लाख. तेवढ्यात एखाद्या फिल्मी गाण्याने आठ दिवसांत दोन कोटी ओढले की त्या आठवड्याचा पहिला नंबर त्याचा. शिवाय हळदीत डीजेने पेनड्राइव्हवरून वाजवलेलं गाणं कुणाच्याच हिशेबात येत नाही, आणि आपल्याकडे गाण्याची खरी चलती तिथेच असते.

कोण काय मोजतं यावर नंबर कसा फिरतो, ते 2012 मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याने दाखवलं. यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज गाठणारा तो पहिला व्हिडिओ. तरीही अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत तो सात आठवडे दुसऱ्याच नंबरवर अडकून पडला. त्या यादीत विक्री आणि ऑनलाइन ऐकणं यांच्या जोडीला रेडिओही धरतात आणि रेडिओवाले कोरियन गाणं फारसं लावत नव्हते. यूट्यूबचे व्ह्यूज तेव्हा हिशेबातच नव्हते. फेब्रुवारी 2013 मध्ये बिलबोर्डने ते धरायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या नंबरवर उतरलं. लोकांनी अर्ध्या मिनिटाच्या नाचाच्या क्लिपा टाकल्या होत्या. त्यांत मूळ गाण्याचा अधिकृत ऑडिओ असल्याने त्यांचे व्ह्यूजही गाण्याच्याच खात्यात जमा झाले. नियम काही महिने आधी बदलला असता, तर गंगनमचं नशीब वेगळं असतं असं आमचं मत.

प्रश्न : बिनाका गीतमालेत नंबर कसे ठरायचे? – एक जुने श्रोते, भुसावळ

उत्तर : रेडिओ सिलोनवर अमीन सयानींनी गीतमाला सुरू केली ती डिसेंबर 1952 मध्ये. (ब्रिटनमधला पहिला रेकॉर्डविक्रीचा चार्टही त्याच वर्षी नोव्हेंबरात छापून आला.) सुरुवातीला पायदानं, म्हणजे नंबर, नव्हतीच, ती पुढे आली. मग दुकानांतल्या रेकॉर्डच्या खपाचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं असा दुहेरी हिशेब चालायचा. पत्रं हिशेबात आली की चार-दोन उत्साही संघ एखाद्या गाण्याला वर ढकलू शकतात, आणि झारखंडमधल्या झुमरीतलैया गावाचं नाव देशभर झालं ते असल्या पत्रांच्या ढिगांमुळेच.

प्रश्न : ब्रिटनमध्ये नाताळातच पोरकट गाणी पहिली का येतात? – एक वाचक, धुळे

उत्तर : त्या आठवड्यात दुकानात येणारं गिऱ्हाईक वेगळं असायचं. एरवी एकही रेकॉर्ड न घेणारे आजी-आजोबा नातवंडांसाठी घ्यायचे. म्हणून 1971 मध्ये दूधवाल्यावरचं विनोदी गाणं, 1980 मध्ये शाळकरी मुलींनी गायलेलं आजीचं गाणं, 1993 मध्ये टीव्हीवरचा गुलाबी-पिवळा मिस्टर ब्लॉबी आणि 2000 मध्ये ‘बॉब द बिल्डर’ अशी रांग लागली. 2018 ते 2022 सलग पाच नाताळ लॅडबेबी या यूट्यूबवाल्याने मारले, त्यांतले पहिले चार सॉसेज रोल या मांस भरलेल्या खाऊवरच्या गाण्यांवर. ती कमाई मात्र गरिबांच्या अन्नपेढ्यांना गेली.

‘क्रेझी फ्रॉग’ या कार्टून बेडकाचं तसलंच पोरकट गाणं मात्र नाताळातलं नव्हे. ते 2005 च्या उन्हाळ्यात चार आठवडे पहिलं होतं. त्यातला ‘रिंग-डिंग’ आवाज म्हणजे एका स्वीडिश तरुणाने 1997 मध्ये तोंडाने केलेली टू-स्ट्रोक मोपेडची नक्कल, आपल्या लूनाच्या जातीची. रिंगटोनच्या जाहिरातींचा इतका भडिमार झाला होता की गाणं बाजारात येण्याआधीच ते सगळ्यांना पाठ होतं.

प्रश्न : ऐकणाऱ्याला भाषाच कळत नसेल तर गाणं पहिलं येऊ शकतं का? – एक वाचक, नंदुरबार

उत्तर : येतं. 1963 मध्ये अमेरिकेत जपानी ‘सुकियाकी’ तीन आठवडे पहिलं होतं आणि त्याच वर्षाअखेरीस एका बेल्जियन जोगिणीचं फ्रेंच ‘डॉमिनिक’. सुकियाकी हा मांसाचा पदार्थ, गाण्यात त्याचा उल्लेखही नाही. मूळ गाणं डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं. अहिराणी विरहगीत परदेशात ‘शेवभाजी’ नावाने विकावं, तसला प्रकार.

प्रश्न : आमच्या अहिराणी गाण्यात खारीसारखा चिरका आवाज हवा आहे. सॉफ्टवेअरमध्ये आवाज वर चढवला, तर शब्दच कळत नाहीत. – एक साउंडवाले, अमळनेर

उत्तर : चूक क्रमात आहे. 1958 मध्ये ‘विच डॉक्टर’ आणि ‘चिपमंक साँग’ ही दोन्ही गाणी अमेरिकेत पहिली आली, ती आवाज निम्म्या वेगाने रेकॉर्ड करून मूळ वेगाने वाजवण्याच्या युक्तीवर. गाणं 120 बीपीएमचं (मिनिटाला 120 ठोक्यांचं) असेल, तर म्युझिक ट्रॅक 60 वर आणा, गायकाला त्यावर सावकाश गाऊ द्या आणि मग फक्त गायकाचा ट्रॅक दुप्पट वेगाने चालवा. आवाज एक सप्तक चढतो, पट्टी तीच राहते.

पूर्ण सप्तक फार किरटं वाटलं तर सात सेमीटोन (सप्तकातल्या बारापैकी सात पायऱ्या) पुरतात. तेव्हा ट्रॅक 80 वर आणा आणि वेगाबरोबर सूरही उतरू द्या, नाहीतर शेवटी गाणं आणि म्युझिक दोन पट्ट्यांत पडेल. रेकॉर्डिंग झालं की आवाज दीडपट वेगाने.

संथ गाताना गायक स्वर लांबवतो आणि व्यंजनं मात्र नेहमीच्याच झपाट्याने उरकतो. वेग वाढला की ती गायब होतात. ‘झुमका’मधला झ आणि ‘पोर’मधला र दुप्पट रेटून म्हणायला लावा. सूर सरळ ठेवा: सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचा कंप दुपटीत दहा-बारा होतो आणि शेळी ओरडल्यासारखं वाटतं. सॉफ्टवेअरमधलं ‘फॉर्मंट’, म्हणजे आवाजाचा मूळ पोत, राखण्याचं बटण बंद हवं. ते चालू असलं तर आवाज उंच लागतो, पण खार होत नाही. श्वासांचे आवाज कापून टाका. रिव्हर्ब (घुमारा) सगळ्यात शेवटी, वेग बदलून झाल्यावर. आधी दिलात तर त्याची लांबीही निम्मी होते.