सासूबाईंचं सगळं मीच करायचं का?

*ताई, तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं करण्यासाठी मी नोकरी सोडली. पुण्याचे दीर पैसे पाठवतात, नणंद फोनवर रडते. नवरा म्हणतो, 'तुझ्यासारखं मला जमणार नाही.' परवा कूस बदलताना मी त्यांच्यावर जोरात ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी वाईट आहे का?*
*– ठाण्याची एक सून*

नाही गं. रात्रीतून चार वेळा उठून कूस बदलणारं माणूस कधीतरी ओरडतंच. सासूबाईंचा हात हातात घेऊन 'चुकलं माझं' म्हण, त्यांनाही बरं वाटेल. पण पुन्हा तसाच राग अनावर झाला, तर आधी खोलीबाहेर ये आणि १४४१६ ला फोन कर. ही मनावरचा ताण बोलून हलका करण्यासाठीची सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरीही अंथरुणावरची माणसं होती. राबायच्या बायकाच, पण जावा, आत्या, शेजारच्या काकू मिळून राबायच्या. आता दोन खोल्यांत त्या सगळ्यांच्या जागी तू एकटी आहेस. शिवाय लघवीची नळी, एअर बेड, फिजिओचे व्यायाम हे सगळं दवाखान्यातून घरात आलंय.

नवऱ्याचं 'जमणार नाही' मला अजिबात पटत नाही. तुला तरी कुठे जमत होतं? शिकलीस. रविवार पूर्ण नवऱ्याचा, आणि त्या दिवशी तू घराबाहेर जायचंस. घरात राहिलीस की 'अगं, डायपर कुठे ठेवलेत?' अशी हाक येणारच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आईवडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा जबाबदारी टाकतो ती मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर. त्या यादीत सून नाही. कोर्टात जा असं मी म्हणत नाही. पण तू जे करतेस ते मायेनं करतेस, तिघा भावंडांचं कर्तव्य मात्र अजून बाकी आहे, हे तुझ्या मनात पक्कं असू दे.

म्हणून तिघांना एकत्र बसव, व्हिडिओ कॉलवर का होईना. दिवसभराची कामं कागदावर लिहून समोर ठेव. तुझा बुडालेला पगार आणि पीएफही लिही. तो खर्च आजवर कुणी धरलेलाच नाही. दिरांच्या पैशातून ब्यूरोची दिवसाची मावशी लावा. तिच्या सुट्टीला कोण, हेही तेव्हाच ठरवा. सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान कार्ड काढून घ्या. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात, पण दवाखान्यात दाखल झाल्यावरच. मावशीचा पगार त्यातून निघत नाही, तो भावंडांनीच उचलायचा.

आणि नणंद. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस तिनं ठाण्यात येऊन राहावं. फोनवर ती रडायला लागली तर रडू दे, पण तारखा घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.