पेशीतलं ‘भाषांतरण’: हा ‘ण’ कुठून आला?

प्रश्न असा आहे: मुलाचा दहावीचा अभ्यास घेताना पेशीत प्रथिनं कशी तयार होतात ते वाचलं. तिथे ‘प्रतिलेखन’ आणि ‘भाषांतरण’ असे शब्द आहेत. पेशीत भाषा कुठून आली? ‘भाषांतर’ हा चांगला रुळलेला शब्द असताना ‘भाषांतरण’ कशाला? आणि ‘अनुवाद’ चालला नसता का?

‘अनुवाद’ आधी घेतो, कारण गंमत तिथेच आहे. अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणं. संस्कृतात अनुवाद म्हणजे एकदा सांगितलेलंच पुन्हा सांगणं. भाषा बदलण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणजे व्युत्पत्तीच धरायची तर ‘अनुवाद’ पेशीतल्या पहिल्या पायरीला जास्त शोभतो, कारण तिथे भाषा बदलतच नाही. डीएनएमधला मजकूर आरएनए या त्याच्याच जातीच्या रेणूवर उतरवून घेतला जातो, एवढंच. ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी (अक्षरं म्हणजे चार रासायनिक घटक) टीच्या जागी यू येतं, बाकी वर्णमाला तीच.

या पायरीला ‘प्रतिलेखन’ म्हणणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. ‘प्रति’ला दोन अर्थ आहेत. एक नकलेचा: प्रत, प्रतिलिपी. दुसरा समोरचा, उलट बाजूचा: प्रतिपक्ष, प्रत्युत्तर. इथे दोन्ही लागू पडतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावर एटीजी असेल तर समोरच्या धाग्यावर टीएसी असतं. आरएनए तयार होतो तो टीएसीसमोर एकेक जोडीदार अक्षर बसवत, आणि उतरतं एयूजी. म्हणजे एका धाग्याला ते प्रत्युत्तर, दुसऱ्याची जवळजवळ हुबेहूब प्रत. शब्द घडवणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही, देव जाणे. पण शब्द बसला आहे खरा.

आता भाषा. आरएनएमधली चार अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात, या गटाला कोडॉन म्हणतात. चार अक्षरांचे असे 64 गट होतात. त्यातले 61 वीस अमिनो आम्लांसाठी, उरलेले तीन ‘थांबा’ सांगणारे. प्रथिन म्हणजे या अमिनो आम्लांची माळ. चार अक्षरांच्या मजकुरातून वीस मण्यांची माळ ओवायची, आणि अक्षराचं मण्याशी रूपानं काही साम्य नाही. म्हणून याला लिप्यंतर म्हणता येत नाही. मोडीतलं पत्र देवनागरीत उतरवलं तरी उच्चार तोच राहतो. इथे यूयूयू या गटाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्याचा अर्थ ‘फिनाइलअलॅनिन’ हे अमिनो आम्ल आहे हे कळायचं नाही. त्याला शब्दकोशच लागतो. त्या कोशातली ही पहिली नोंद 1961 मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी लावली: नुसत्या यूंचा आरएनए पेशींच्या अर्कात टाकला, तर नुसत्या फिनाइलअलॅनिनची माळ मिळाली. पुढे हरगोविंद खोराना वगैरेंनी कोश पुरा केला, आणि 1968 चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून मिळालं.

कोश म्हटल्यावर समानार्थी शब्द आलेच. ल्यूसिनला सहा कोडॉन आहेत. पाणी, जल, नीर, उदक म्हणावं तसे. मिथिओनिनला मात्र एकच, एयूजी. त्यामुळे प्रथिन वाचून मूळ मजकूर नेमका काय होता ते सांगता येत नाही.

मोडी आठवायचं आणखी एक कारण आहे. मोडीप्रमाणे इथेही शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘कमलनयनसरळबदक’ हे तीन-तीन अक्षरांनी वाचा: कमल, नयन, सरळ, बदक. आता पहिला ‘क’ गाळा: मलन, यनस, रळब, दक. एका अक्षरानं पुढचं सगळं बिघडलं. जनुकात एक अक्षर गळालं की हेच होतं.

मग यात दुभाष्या कोण? बरेच जण टी-आरएनएचं नाव घेतात: एका टोकाला कोडॉन ओळखतो, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल धरून असतो. मला हे पटत नाही. 1962 मध्ये एक प्रयोग झाला. टी-आरएनएनं धरलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचं रासायनिक प्रक्रियेनं अ‍ॅलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल करून टाकलं, टी-आरएनए तोच ठेवला. रायबोझोमनं, म्हणजे माळ ओवणाऱ्या पेशीतल्या यंत्रानं, निमूटपणे सिस्टीनच्या जागी अ‍ॅलॅनिन ओवलं. म्हणजे टी-आरएनए बिचारा हमाल. पाटीत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. कोणत्या हमालाच्या पाटीत कोणता माल टाकायचा हे ठरवणारी विकरं (एन्झाइम) वेगळी असतात. दोन्ही भाषा येतात त्या त्यांना.

राहिला ‘ण’. तो खरं तर ‘न’ आहे. लेखन, गमन, पठन यांत क्रिया दाखवणारा जो ‘अन’ प्रत्यय आहे, तोच ‘अंतर’ला लागला, आधी ‘र’ असल्यामुळे ‘न’चा ‘ण’ झाला, स्मरण-मरणात होतो तसा. ‘भाषांतर’चा शब्दशः अर्थ ‘दुसरी भाषा’, जसं देशांतर म्हणजे दुसरा देश. आपण मराठीत क्रियेलाही भाषांतर म्हणतो आणि हातात येणाऱ्या पुस्तकालाही. शास्त्राला मात्र फक्त क्रिया सांगायची होती, आणि शेजारी ‘प्रतिलेखन’ होतंच. कवितेचं भाषांतर आणि पेशीतलं भाषांतरण, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

पेपरात मुलानं ‘भाषांतर’ लिहिलं तर परीक्षक म्हणून मी गुण कापणार नाही. पण त्याच धड्यात ‘स्थानांतरण’ही आहे, रायबोझोम आरएनएवरून एकेका कोडॉननं पुढे सरकतो ते. तिथे त्यानं ‘स्थलांतर’ लिहू नये. रायबोझोम बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी निघालाय असं वाटेल.