पाराक्लेतोस : वकील, सांत्वनकर्ता की कैवारी?

प्रश्न असा आहे : योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला मराठी बायबल ‘कैवारी’ म्हणतं, इंग्रजीच्या जुन्या भाषांतरात तिथे ‘सांत्वन करणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि काही टीकाकार ‘वकील’ म्हणतात. मग मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय?

मूळ शब्द ‘पाराक्लेतोस’. ‘पारा’ म्हणजे शेजारी आणि ‘कालेओ’ म्हणजे बोलावणे. शेवटचा ‘-तोस’ कर्मणी आहे, म्हणून अर्थ ‘शेजारी बोलावलेला’. नव्या करारात हा शब्द फक्त योहानाच्या नावावरच्या लिखाणात येतो : शुभवर्तमानात चारदा (14:16, 14:26, 15:26, 16:7) आणि पहिल्या पत्रात एकदा (2:1).

हा बोलावलेला माणूस करतो काय? अथेन्सच्या न्यायसभेत वादी-प्रतिवादींनी आपापली बाजू स्वतःच मांडायची असा रिवाज होता. सोबत वजनदार मित्र-नातलग यायचे आणि पंचांकडे रदबदली करायचे. इ. स. पू. 343च्या एका भाषणात अथेन्सचा वक्ता दिमॉस्थेनिस या ‘पाराक्लेतोस’ मंडळींच्या विनवण्यांवर चांगलाच घसरतो : ही सगळी धडपड स्वार्थापायी चालते, म्हणतो. पुढे पहिल्या शतकात फिलो हा ज्यू तत्त्वज्ञ लिहितो की इजिप्तचा रोमन सुभेदार फ्लाकुस याला सल्ला मिळाला, सम्राट गायसची (म्हणजे कॅलिग्युलाची) मर्जी वळवायला एक बलवान पाराक्लेतोस गाठायला हवा. इथे तर सरळ ‘वशिला’ म्हणावं!

म्हणून मला ‘वकील’ पटत नाही. वकील आपल्या जागी उभा राहून बोलतो. पेशव्यांच्या दरबारातले परराज्यांचे वकीलही तेच करत. पाराक्लेतोस आपल्या शेजारी उभा राहतो, आणि त्याची सनद एकच : समोरच्याकडे त्याच्या शब्दाला किंमत असते. लॅटिनमधला ‘अॅडव्होकातुस’ही असाच, ‘जवळ बोलावलेला’. त्याचा पेशा नंतर झाला. हिब्रूने ग्रीक शब्दच उचलला. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियम-संग्रहात म्हटलंय की एक आज्ञा पाळणारा स्वतःसाठी एक ‘प्राक्लित’ मिळवतो आणि एक पाप करणारा एक ‘कातेगोर’, म्हणजे आरोप करणारा. आजच्या हिब्रूत प्राक्लित म्हणजे वकील. आणि गंमत बघा, इस्रायलमध्ये सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणाऱ्या खात्याचं नाव ‘प्राक्लितूत’!

‘सांत्वन’ आलं ते ‘पाराकालेओ’ या क्रियापदातून. त्याला बोलावणे, विनवणे, धीर देणे असे सगळेच अर्थ आहेत. ‘जे शोक करतात ते धन्य’ या वचनात (मत्तय 5:4) सांत्वनासाठी हेच क्रियापद आहे. पण ईयोब आपल्या मित्रांना कुचकामी सांत्वनकर्ते म्हणतो (16:2), तिथे जुन्या कराराच्या सर्वांत प्रसिद्ध ग्रीक भाषांतरात ‘पाराक्लेतोर’ (धीर देणारा) असं कर्तरी रूप आहे, कर्मणी ‘पाराक्लेतोस’ नाही. रूपातला हा फरक लक्षात घ्यायला हवा.

राहिला ‘कैवारी’. कैवार घेणारा माणूस दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, प्रसंगी भांडतो. ही छटा योहानात ठळक आहे, कारण 16:8मध्ये हाच पाराक्लेतोस उलटून जगाला दोषी ठरवतो. नुसत्या सांत्वनकर्त्याला ते जमणार नाही. उणीव एकच : कैवार घ्यायला कुणी बोलवावं लागत नाही, पाराक्लेतोसच्या नावातच बोलावणं आहे.

तरीही मी कैवारीच ठेवीन, आणि पाचही ठिकाणी ठेवीन. वुल्गाता या जुन्या लॅटिन बायबलमध्ये शुभवर्तमानात ग्रीक शब्द तसाच राहिला आणि पत्रात ‘अॅडव्होकातुस’ आला, त्यामुळे धागा तुटला. 14:16मध्ये येशू ‘दुसरा’ पाराक्लेतोस येईल म्हणतो. पहिला कोण, याचं उत्तर पत्रात आहे : येशू स्वतः. मराठीत दोन्हीकडे कैवारी असल्यामुळे वाचकाला ते आपोआप कळतं.